भिंतीपलीकडचा फाटा

“खोड नीट खरडून घ्या, तोवर मी दूध उतरवून येते,” असं सांगून आई आत गेल्या आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं.

शिडीवर आमचे नवे पाळक, रेव्हरंड भांबळ, उभे होते. शिडी मी धरली होती. सासूबाईंना मी आईच म्हणत असे. विहिरीपाशी पाय घसरून त्यांचा उजवा हात मनगटात मोडला होता आणि प्लास्टर गळ्यात अडकवून त्या फिरत होत्या. ऑक्टोबर उजाडला, द्राक्षवेलाची छाटणी खोळंबली, तेव्हा पाळकसाहेब आपणहून म्हणाले की मी करतो. सेमिनरीत शिकत असल्यापासून वेल आणि फाटे यांवर आपण उपदेश करत आलो आहोत, एकदा हातानं करून पाहू द्या, असं त्यांचं म्हणणं. माणूस मोठा उत्साही. आदल्या दिवशी सायकल मारत शेजारच्या मळ्यात जाऊन छाटणीची माहितीसुद्धा काढून आले होते.

त्या माहितीनंच घात केला. नाशिककडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. द्राक्षं निघून गेली की एप्रिलात सगळा वेल बोडका करतात, त्याला खरड छाटणी म्हणतात. मग नव्या काड्या येतात, त्या पावसाळाभर पिकतात आणि ऑक्टोबरात त्यांचे नुसते शेंडे मारतात, ती गोडी छाटणी. फळ धरायचे डोळे त्या काड्यांवरच असतात. आईंनी सांगितलं होतं खोड खरडायला, म्हणजे बुंध्यावरची सुटलेली जुनी साल काढायला, कारण तिच्याखाली कीड बसते. पाळकसाहेबांनी ‘खरडून’ एवढाच शब्द ऐकला. कालच शिकलेला शब्द, त्यामुळे तो लगेच पटला.

मला काय कळणार? माझं माहेर जालन्याचं, कापसाच्या मुलखातलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. द्राक्षं मी टोपलीत पाहिलेली. कात्री खटाखट चालत होती, काड्या माझ्या डोक्यावर पडत होत्या आणि मला वाटत होतं, काय सपाट्यानं काम करतात.

मांडव उघडा करत ते भिंतीपर्यंत पोचले. आमच्या अंगणाच्या कडेला पुरुषभर उंचीपेक्षा वर गेलेली दगडी भिंत होती आणि वेलाचा एक फाटा तिच्यावरून पलीकडे गेला होता. पाळकसाहेबांनी कात्री भिंतीच्या माथ्यावर नेली तोच पलीकडून आवाज आला.

“पाळकसाहेब, कात्री तिथंच थांबवा. भिंतीपलीकडचं भिंतीपलीकडे राहू द्या.”

ते इतके दचकले की शिडी माझ्या हातात हलली. “सलाम, लुदियाबाई,” ते म्हणाले.

“सलाम. आता खाली उतरा. पुरे झालं तेवढं.”

ते उतरले तेव्हा आई बाहेर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मग हळूहळू मांडवाखाली आल्या, खाली पडलेली एक काडी डाव्या हातानं उचलली आणि तिच्यावरच्या एकेका डोळ्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

पाळकसाहेबांनी विचारलं, “काही चुकलं का?”

“चहा घ्या आधी,” आई म्हणाल्या. चहा पिऊन झाल्यावर सांगितलं, “हे एप्रिलचं काम तुम्ही ऑक्टोबरात केलंत. वेल काही मरत नाही त्यानं. यंदा फळ नाही, एवढंच.”

एवढंच म्हणाल्या खऱ्या, पण ते एवढंच नव्हतं.

तो वेल माझ्या आजेसासूबाईंनी लावलेला. आमची ख्रिस्ती वस्ती लहान, मंदिरही लहान, पण ईस्टरच्या प्रभुभोजनाला पेल्यात जो रस असे तो आजेसासूबाईंच्या काळापासून याच वेलाच्या द्राक्षांचा. इतर मंडळ्या बाजारातून मनुका आणून उकळत. आमच्या वस्तीला त्याचा फार अभिमान. भोकरी जातीची बियांची द्राक्षं ती. रस लाल नाही, फिका सोनेरी. जालन्याला लालसर पेला बघितलेल्या मला पहिल्यांदा तो रंग पाहून नवल वाटलं होतं. आजेसासूबाई गेल्यावर रस काढायचं काम त्यांच्या दोन्ही सुनांकडे आलं, थोरल्या लुदियाबाई आणि धाकट्या तबिथाबाई, म्हणजे माझ्या आई.

आणि तिथंच भांडण झालं. कुठल्याशा वर्षी बिशप येणार होते, रस जास्त लागणार होता. आईंनी घाईत द्राक्षं जोरानं रगडली. उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायरीवर, सगळ्या बायकांदेखत लुदियाबाई म्हणाल्या, “यंदा पेला कडू लागला. तबिथानं बिया चिरडल्या वाटतं.”

आई त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. पुढे भाऊभाऊ वेगळे झाले, ते काही या भांडणापायी नाही, पण भिंत मात्र त्या वेळी झाली. वेल आमच्या बाजूला आला आणि रसाचं काम एकट्या आईंकडे. दोघे भाऊ देवाघरी गेले, भिंत राहिली.

दोघी जावा मंदिरात येत. आई पुढच्या बाकावर, हिरव्या इरकली लुगड्यात. लुदियाबाई अगदी मागे, दारापाशी, जांभळ्या लुगड्यात. आईंची सगळी लुगडी हिरवी आणि त्यांची सगळी जांभळी. जणू रंगही वाटून घेतले होते. पेला घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापाशी जायची वेळ आली की आई पहिल्या रांगेत आणि त्या शेवटच्या. माझे यजमान, प्रभाकर, एकदा म्हणाले होते की थोरल्या आई आमच्या घरचा रस दर वर्षी पितात, पाणी मात्र पीत नाहीत.

भिंतीवरून गेलेल्या त्या फाट्याचा आईंना राग होता असं मी धरून चालले होते. “आपल्याला त्याचं एक फळ मिळत नाही, तोडायला हवा,” असं त्या अधूनमधून म्हणत. मी नवी नवरी, काम दाखवायची हौस. मी म्हटलं, मी चढते, मी तोडते. तर म्हणाल्या, “नको, शिडी पुरत नाही तिथं.” मग पुन्हा जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडायला बसल्या. वेलाच्या काड्या मांडवाला बांधायला त्या चिंध्याच वापरत. सुतळीनं काच पडतो, असं त्यांचं मत.

ऑक्टोबरातल्या त्या छाटणीनंतर वेल झकास फुटला. इतकी पानं आली की मांडवाखाली दुपारी अंधार व्हायचा. घड एकही नाही. पाळकसाहेब रोज सकाळी येऊन वेलाला पाणी घालू लागले. नको म्हटलं तरी यायचे. पानांखाली वाकून वाकून बघायचे. आई त्यांना म्हणायच्या, “शोधून सापडायला ते हरवलेलं मेंढरू नव्हे.” ते हसायचे, पण चेहरा पडलेला असे. रविवारी उपदेशाला उभे राहिले की म्हातारे शिमोनकाका पुढच्या बाकावरून हळूच विचारायचे, “आज काय छाटणार?” आणि बाकीचे माना खाली घालून हसायचे.

उपवासकाळ लागला. त्या वर्षी ईस्टर मार्चअखेरीस होता. एके दिवशी मी कुरडया वाळत घालायला घराच्या धाब्यावर चढले. तिथून पलीकडचं अंगण दिसायचं, पण तोवर मी मुद्दाम कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं आणि हातातली ताटली तशीच राहिली. लुदियाबाईंच्या अंगणात बांबूचा छोटासा मांडव होता. भिंतीवरून उतरलेला आमच्या वेलाचा फाटा त्याच्यावर नीट पसरला होता आणि त्याला घड लागले होते. पिवळे, भरलेले, एकमेकांना टेकलेले. ऊन आरपार जात होतं त्यांच्यातून.

मी खाली येऊन आईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. मोडलेला हात जोडला होता, पण मुठीत जोर नव्हता, त्यामुळे भाकरी वाकडी होत होती.

“असतील,” त्या म्हणाल्या.

“पुष्कळ आहेत, आई. पेल्यापुरते होऊन उरतील.”

“भाकरी उलट.”

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी चाचरत विषय काढला. नाशिकहून चांगल्या काळ्या मनुका आणवतो, उकळून रस करू, प्रभू काही जात विचारत नाही, असं ते म्हणाले. आईंनी मान हलवली. म्हणाल्या, आणा. घरी आलो. मांडवाखाली आल्यावर खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या सासूबाईंनी मरताना दुसरं काही मागितलं नव्हतं, असं म्हणाल्या. एवढा पेला सांभाळा म्हणाल्या होत्या. दोघींना म्हणाल्या होत्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मी जाते थोरल्या आईंकडे. मी मागते.”

“मागायला तू जायचं नाहीस.”

“का पण?”

“तू भांडलेली नाहीस,” त्या म्हणाल्या.

त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिराची झाडलोट, तिसऱ्या दिवशी पितळी समया घासणं, चौथ्या दिवशी काहीतरी तिसरंच. उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना झाली. दोघी जावा एकाच दारानं बाहेर पडल्या, एक आधी, एक नंतर. माझी आशा संपली. मनुका आल्या होत्या आणि पाळकसाहेबांनी त्या आमच्या घरी आणून ठेवल्या होत्या. काळ्याभोर, गोड वासाच्या. माझ्या मनात आलं, यांचाच रस करायचा आहे तर आता भिजत घालायला हव्यात.

शनिवारी सकाळी मी पातेलं घेऊन मनुकांकडे वळले तर आई म्हणाल्या, “राहू दे ते. फडकं काढ.”

रस गाळायचं मलमलीचं फडकं लाकडी पेटीत घडी करून ठेवलेलं असे. ते त्यांनी डाव्या हातात घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि निघाल्या. मी मागोमाग. अंगणातून बाहेर, रस्त्यानं वळसा घालून, भिंतीच्या टोकापर्यंत आणि मग पलीकडच्या दारात. अंतर चार पावलांचं, पण मला ते गावाबाहेर जाण्याएवढं लांब वाटलं.

लुदियाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर पाहिलं, सूप खाली ठेवलं नाही.

“वाट चुकलीस का?”

“नाही, थोरल्या बाई,” आई म्हणाल्या. “तुमच्याकडेच आले.”

“दर वर्षी तुझा वेल माझ्या अंगणात घुसतो. आता तूही आलीस.”

“वेल माझा नाही. सासूबाईंचा.”

“मग द्राक्षं कुणाची?”

“द्राक्षं तुमच्या हातची,” आई म्हणाल्या. “पेल्यासाठी मागायला आले आहे.”

लुदियाबाईंनी सूप हलवलं. दोन खडे वेचून बाजूला टाकले. मी उंबऱ्याबाहेर उभी होते.

“न्यायची तर ने,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण एक सांगून ठेवते. बिया चिरडू नकोस.”

मला वाटलं, झालं. आता आई फडकं घेऊन वळणार आणि ही भिंत माझ्या नातवंडांपर्यंत राहणार. मी आईंकडे बघायला घाबरत होते. तेवढ्यात आवाज आला तो हसण्याचा. आई हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसत होत्या.

“तेवढ्यासाठीच तुम्हाला बोलवायला आले,” त्या म्हणाल्या. “हात मोडलाय माझा. आता बी चिरडायची ताकद कुठली?”

लुदियाबाईंनी सूप ठेवलं. “बघू,” म्हणाल्या. उठल्या, आईंचं मनगट धरलं, इकडून तिकडून दाबून पाहिलं आणि कुठल्या गाढवानं बसवलं हे हाड, असं विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. “आणि तू काय दारात खांबासारखी उभी आहेस? टोपली आण आतली.”

घड आम्ही तिघींनी उतरवले. लुदियाबाईंनी चूल पेटवली, मोठी परात मांडली आणि दोघी समोरासमोर बसल्या. रगडायचं म्हणजे मूठ वळायची नाही, तळव्यानं दाबायचं, द्राक्ष फुटलं पाहिजे पण बी शाबूत राहिली पाहिजे. सासूबाईंनी शिकवलं होतं तसं, असं दोघी एकाच वेळी म्हणाल्या. आईंचा उजवा हात थकला की लुदियाबाई आपला हात त्यांच्या हातावर ठेवून दाबत. मध्येच कुणाची तरी आठवण निघे. शिमोनकाकांनी लग्नात घातलेले उलटे बूट, सासूबाईंचा तपकिरीचा डबा, असलं काहीतरी. बरीच वर्षं साठलेलं सगळं एका सकाळी बाहेर येत होतं. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण मीही हसत होते.

रस गाळून, एक उकळी देऊन झाली. लुदियाबाईंनी पळीनं थोडा तळहातावर घेतला, चाखला.

“गोड आहे,” म्हणाल्या. मग पळी पुसत, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “त्या वर्षी तरी फार कडू कुठं होता? मी उगीच बोलले.”

“होता,” आई म्हणाल्या. “घरी येऊन मी पातेलं चाटून बघितलं होतं.”

लुदियाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

यावर लुदियाबाई जे हसायला लागल्या ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी जांभळ्या पदरानं पुसलं, आणि मग आईंचंही पुसलं.

ईस्टरच्या पहाटेची उपासना. मंदिर झेंडूच्या माळांनी भरलेलं. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, कागद उघडला, मिटला. म्हणाले की आज वेल आणि फाटे यांच्यावर बोलणार होतो, पण छाटणीविषयी बोलायचा माझा अधिकार या मंडळीनं काढून घेतलेला आहे. शिमोनकाका मोठ्यानं आमेन म्हणाले. मंदिरात एवढं हसू मी तोवर ऐकलं नव्हतं. पाळकसाहेब स्वतःही हसले आणि मग म्हणाले, “मी जे तोडलं ते मी तोडलं. जे राखलं ते मी राखलं नाही. उठला आहे तो प्रभू. चला, गाऊ या.” उपदेश तेवढाच.

कठड्यापाशी जायची वेळ झाली. आई आपल्या जागी बसून राहिल्या. पहिली रांग उठली, आली, परत गेली. दुसरी, तिसरी. मी खुणावलं तरी त्या हलल्या नाहीत. शेवटची रांग उठली, लुदियाबाई दारापासून पुढे चालत आल्या, आणि त्या जवळ आल्यावर आई उठल्या. हिरवं आणि जांभळं लुगडं कठड्यापाशी शेजारी शेजारी टेकलं. पाळकसाहेबांच्या हातातला पेला आधी लुदियाबाईंकडे गेला. त्यांनी घेतला, आणि पेला आईंकडे सरकायच्या आत, अगदी हळू, पण पुढच्या बाकांवर सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, “गोड आहे गं.”

त्यानंतर पंधरवड्यानं खरड छाटणी आली. या वेळी बरोबर महिन्यात. पाळकसाहेब कात्रीला हात लावायला तयार नव्हते, म्हणून शिडीवर मी चढले. खालून आई सांगत होत्या, कुठं कापायचं, किती ठेवायचं. भिंतीपलीकडून लुदियाबाईही सांगत होत्या, बहुतेक वेळा आईंच्या उलट. दोघींचं ऐकता ऐकता मी मांडव मोकळा करत भिंतीपर्यंत आले आणि वर चढून तिच्या माथ्यावरून वाकले. शिडी तिथं व्यवस्थित पुरत होती. मला त्या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं की ऑक्टोबरातही ती पुरली होती.

माथ्यावर, पानांच्या आड, तो फाटा बांधलेला होता. आमच्या बाजूनं वर चढताना जागोजागी चिंधी होती, हिरवी, इरकलीच्या काठाची. भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांना बांधून त्याला कुणीतरी बरोबर पलीकडे वळवलं होतं. काही चिंध्या ताज्या होत्या. काही उन्हापावसानं पांढऱ्या पडल्या होत्या आणि काही इतक्या जुन्या की नुसता धागा उरला होता. पलीकडे उतरताना तशाच चिंध्या होत्या, जांभळ्या. त्याही वर्षावर्षांच्या. आणि मधोमध, भिंतीच्या अगदी माथ्यावर, जिथं फाटा वाऱ्यानं हलला असता, तिथं हिरवी आणि जांभळी एकाच खिळ्याला होत्या. एकीवर एक, कितीतरी थर.

मी तशीच वाकून राहिले. खाली दोघी उभ्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. वर मान करून माझ्याकडे बघत होत्या.

“काय गं,” आईंनी विचारलं, “तो फाटा तोडायचा राहिला का?”

मी कात्री कमरेला खोचली.

“शिडी पुरत नाही, आई.”